ओकलीत ग्रीक जेवायला नेमकं कुठे जावं?

मृण्मयी_क्लेटन

नमस्कार मंडळी. आम्ही मेलबर्नला नवीन आहोत, क्लेटनला राहतो. ऑफिसात, शेजारी, जिथे विचारावं तिथे एकच उत्तर मिळतं, "ग्रीक खायचंय? मग ओकली." ओकली आमच्यापासून ट्रेनने दुसरंच स्टेशन, मध्ये फक्त हंटिंगडेल, त्यामुळे जाण्यायेण्याचं काही नाही. पण तिथे ईटन मॉलमध्ये पाऊल टाकलं की शेजारीशेजारी इतकी दुकानं आणि सगळीकडे सारखीच गर्दी, की बसायचं कुठे तेच कळत नाही. मागच्या वेळी मॉलची या टोकापासून त्या टोकापर्यंत परेड करून शेवटी आइस्क्रीम खाऊन परत आलो.

आता साबा-साबु (सासूबाई आणि सासरेबुवा) येताहेत. साबा पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. साबु सगळं खातात, पण बीफ आणि पोर्क नाही. नवऱ्याला मटण दिलं की तो दुसरं काही मागत नाही. लेक सात वर्षांचा, चिप्सवर जगतो. एकाच टेबलावर या सगळ्यांचं भागेल अशी जागा सुचवा. फार महाग नको, आणि "सलाड आहे ना शाकाहारी" असं सांगणारी तर अजिबात नको.

बटाटेवडा

चेस्टर स्ट्रीटवरचं कालिमेरा. डोळे मिटून. रांग असते, उभं राहायचं.

तात्या दक्षिणायन

बटाटेवडा, तिथलं नाव पोर्कसाठी आहे रे. चिकनही मिळतं, पण ज्यांच्या घरात दोघं पोर्क खात नाहीत आणि एक अंडंही खात नाही, त्यांना तू डोळे मिटून तिकडे पाठवतोयस.

मृण्मयी, माझं ऐकाल तर "एकाच टेबलावर" हा बेत आधी रद्द करा. ओकलीत जेवण एका ठिकाणी उरकायचं नसतं. पोटभरीचं एकीकडे, गोड दुसरीकडे, कॉफी तिसरीकडे, आणि हे सगळं चालत, पाच-सात मिनिटांच्या परिसरात. तिथली ग्रीक कुटुंबं हेच करतात. आजी, आजोबा, लेकीसुना, बाबागाडीतलं पोर, सगळा गोतावळा संध्याकाळी मॉलमध्ये उतरतो आणि रात्री उशिरापर्यंत हलत नाही. नवीन लोकांसाठी सांगतो, ईटन मॉल म्हणजे काचेची वातानुकूलित इमारत नव्हे. गाड्यांना बंद केलेला छोटा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधोमध टेबलं. जुलैत जाणार असाल तर कोट घालूनच बसा.

दुसरं म्हणजे वेळ. लोक दुकानाचं नाव विचारतात, वेळ कोणी विचारत नाही. साबांना जे पदार्थ आवडतील ते निखाऱ्यावरचे नव्हेत. ते सकाळी मोठमोठ्या ट्रेमध्ये ओव्हनला लागतात, टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद शिजतात आणि दुपारी काचेमागे मांडलेले असतात. बोट दाखवून मागायचं, मेनू वाचायचीही गरज नाही. रात्री आठला गेलात की त्या ट्रेचा तळ दिसायला लागलेला असतो, सगळा जोर ग्रिलवर असतो, आणि शाकाहारी माणसाच्या पदरात चिप्स नाहीतर सलाड पडतं. ग्रीक जेवणात शाकाहारी काही नसतं असं म्हणणारे निम्मे लोक चुकीच्या वेळी गेलेले असतात.

म्हणून शनिवारी दुपारी जा. साडेबाराच्या आत टेबल धरा.

रेल्वेफाटक

तात्यांना अनुमोदन. फक्त शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी बिलावर दहा टक्क्यांच्या आसपास जादा आकार लागतो, सार्वजनिक सुट्टीला त्याहून जास्त. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नंतर काउंटरवर वाद घालण्यापेक्षा आधी वाचा.

गार्गी२२

मृण्मयी, मी जन्माची शाकाहारी आणि ओकलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार आहे.

साबांसाठी मागायच्या गोष्टी: गिगांतेस, म्हणजे अंगठ्याएवढ्या पांढऱ्या बिया, टोमॅटोत ओव्हनमध्ये भाजलेल्या. फासोलाकिया, फरसबी बटाट्याबरोबर टोमॅटोत शिजवलेली. ब्रियाम, म्हणजे वांगी, बटाटे, झुकिनी एकत्र भाजून. येमिस्ता, म्हणजे तांदूळ भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. यात कधी खिमा असतो, कधी नसतो, म्हणून विचारायचंच. द्राक्षाच्या पानातले डोल्मादेस, तेही तसंच, भाताचेही असतात आणि खिम्याचेही. पिवळ्या डाळीची घट्ट फावा, वर कच्चा कांदा, केपर्स आणि तेलाची धार. होर्ता म्हणजे नुसती उकडलेली पालेभाजी, लिंबू आणि तेल घालून. दिसायला काहीच नाही, पण जेवणात पहिली संपते ती हीच.

हे सगळे तेलातले पदार्थ, ग्रीक त्यांना लाथेरा म्हणतात. अंडं नाही, दूध नाही. यामागे त्यांचे उपास आहेत. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासात मांस, मासे, अंडी, दूध, चीज सगळं वर्ज्य. ईस्टरच्या आधी सलग कित्येक आठवडे, ख्रिसमसच्या आधी चाळीस दिवस, ऑगस्टमध्ये पंधरवडा, आणि एरवीही बहुतेक बुधवार-शुक्रवार. काटेकोरपणे पाळणारे आता कमी असतील, पण पदार्थ टिकलेत. काउंटरवर एखादी वयस्कर बाई असेल तर "निस्तीसिमा (म्हणजे उपासाचं) काय आहे?" असं विचारा, ती खूश होऊन दाखवेल.

पण थांबा, इथे मोठी मेख आहे. त्यांच्या उपासाला कोळंबी, शिंपले, स्क्विड, ऑक्टोपस चालतात! रक्त नसलेले जीव म्हणून. त्यामुळे उपासाचं आहे म्हणजे शाकाहारी आहे असं धरून चालू नका.

आणि या गोष्टींपासून साबांना लांब ठेवा:

तारामासालाता. फिकट गुलाबी डिप, बीटचं असावं असं वाटतं, पण ते माशांच्या अंड्यांचं असतं. एका ठिकाणी वेटरने आम्हाला डिप्सचं ताट "ऑल व्हेज" म्हणून आणून दिलं, त्यात हे मधोमध होतं.

तिरोपिता आणि स्पानाकोपिता, म्हणजे चीजची आणि पालकाची भरलेली पेस्ट्री. सारणात बहुतेक वेळा अंडं असतं. पालकाच्या उपासाच्या आवृत्तीत अंडं नि फेटा दोन्ही नसतात, पण ती रोज मिळत नाही.

आवगोलेमोनो सूप. लिंबाचं म्हणून सांगतात, त्यात अंडं आणि कोंबडीचं पाणी असतं.

चिप्स कुठल्या तेलात तळतात तेही विचारा. कॅलामारी त्याच तेलात तळलेली असू शकते. तुमच्या लेकाला चालेल, साबांना नाही.

मृण्मयी_क्लेटन

गार्गी, दंडवत घे. हा प्रतिसाद छापून पर्समध्ये ठेवते. साबा चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत, आणि आत्ता नेमका चातुर्मास आहे. काही उरतं का मग?

गार्गी२२

अरे देवा. लाथेरा जवळजवळ सगळे गेले, कांद्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. दही-काकडीच्या झात्झिकीत लसूण, वांग्याच्या डिपमध्ये लसूण, स्कोर्दालिया तर लसणाचीच. उरतं ते असं: होर्ता. कांदा न घालता सांगून केलेलं गावरान सलाड, ज्यात टोमॅटो, काकडी, ऑलिव्ह आणि वर फेट्याची अख्खी वडी असते. सागानाकी, म्हणजे घट्ट चीजचा तुकडा पिठात घोळून तळलेला, वर लिंबू. भाजलेलं हालूमी चीज. ओव्हनमधले लिंबाचे बटाटे, पण त्यात लसूण घालण्याची पद्धत आहे, विचारा. आणि ब्रेड.

फेट्याबद्दल एक. पारंपरिक फेट्यात दूध विरजायला प्राण्यांचं रेनेट वापरतात. साबा तितकं बघत असतील तर चीज सगळंच वगळा. सुपरमार्केटमध्ये डब्यावर लिहिलेलं सापडतं, हॉटेलात सांगता येत नाही.

सुरमई

मंडळी, ग्रीक जेवायला चाललेत की एकादशी करायला?

शाकाहाराचा पूर्ण आदर ठेवून सांगतो, ओकलीला जाऊन ऑक्टोपस न खाणं म्हणजे पाप. निखाऱ्यावर भाजलेला, कडेने किंचित करपलेला, वर ओरेगॅनो, लिंबू, तेल. बाकी काही नाही. ग्रीक लोक माशाला मसाला लावत नाहीत आणि आपल्याला सुरुवातीला ते अळणी वाटतं. पण मासा ताजा असेल तर लिंबू-तेलाच्या पलीकडे काही लागत नाही हे मला, एका अस्सल कोकण्याला, मान्य करावं लागलं. अख्खा स्नॅपर मागवा, तीन माणसांना पुरतो. मारीदेस दिसले तर सोडू नका. बोटाएवढे मासे, पिठात घोळून कुरकुरीत तळलेले, डोक्यासकट खायचे.

मृण्मयीच्या नवऱ्यासाठी पाइदाकिया. कोकराच्या बारीक कापलेल्या बरगड्या, निखाऱ्यावर. काट्याचमच्याने खाऊ नका, कोणी खात नाही. किंमत मात्र बघून घ्या, इथे लॅम्ब कटलेट स्वस्त नाहीत. हात आखडता घ्यायचा असेल तर क्लेफ्तिको, कागदात बांधून तासन्‌तास शिजवलेलं मटण. हाडापासून आपोआप सुटतं. बटाटे त्याच रसात शिजलेले असतात.

नाझनीन_के

आमच्याकडे हलाल लागतं. ओकलीत काही आहे का?

तात्या दक्षिणायन

नाझनीनताई, दुकानाचं नाव घेऊन छातीठोकपणे सांगणार नाही. प्रमाणपत्र लावलेलं दिसलं तरच विश्वास ठेवा. बहुतेक ठिकाणी पोर्क असतं, सुऱ्या, चिमटे, ग्रिल एकच. लॅम्ब हलाल असलं तरी ते त्याच ग्रिलवर भाजलं जातं. तुम्हाला मासे चालत असतील तर तव्यावर किंवा वेगळ्या भांड्यात करून द्याल का विचारा. आणि गार्गीने सांगितलेले ट्रेमधले भाज्यांचे पदार्थ तर आहेतच.

नाझनीन_के

धन्यवाद तात्या. मग दुपारीच जाऊ आणि ट्रेवर हात मारू. गोडात जिलेटिन वगैरे नसतं ना?

गार्गी२२

पाकातल्या गोडांत नसतं. क्रीमच्या केकमध्ये, मूसमध्ये असू शकतं.

बटाटेवडा

मला एक सांगा, यीरोस आणि सुवलाकी यांत फरक काय? मॉलमध्ये दोन्ही पाट्या दिसतात आणि हातात तीच गुंडाळी येते.

जुना_रहिवासी

ग्रीसमध्ये सुवलाकी म्हणजे काडीला लावून भाजलेले मांसाचे छोटे तुकडे. यीरोस म्हणजे उभ्या सळीवर फिरत भाजणारा थर, त्यातून कापून काढलेले काप. मेलबर्नमध्ये मात्र दोन्हींना सरसकट सुवलाकी म्हणायची सवय पडली. मेलबर्नची जुनी सुवलाकी लॅम्बची, भरपूर लसणाच्या सॉसची, रात्री उशिरा हातात धरून खायची. ग्रीसमध्ये पोर्क जास्त चालतं आणि पिटामध्येच चिप्स कोंबतात. ओकलीत अलीकडच्या वर्षांत ती ग्रीसची पद्धत जोरात आली, कारण २०१० नंतरच्या आर्थिक संकटात ग्रीसहून नवी माणसं इथे आली, काही जन्माने ऑस्ट्रेलियन असलेली परत आली, आणि त्यांनी आपल्या गावची चव आणली. म्हणजे एकाच मॉलमध्ये दोन पिढ्यांची ग्रीक चव मिळते, आजोबांनी १९६० च्या सुमारास आणलेली आणि नातवाने परवा आणलेली. कुठली अस्सल, यावर टेबलाटेबलावर भांडणं होतात.

हे लोक इथे आले कसे तेही थोडक्यात सांगतो, कारण जेवणाचा त्याच्याशी संबंध आहे. ऑस्ट्रेलिया आणि ग्रीसमध्ये १९५२ साली स्थलांतराचा करार झाला. पुढची वीसेक वर्षं बोटी भरभरून आल्या. 'पात्रिस' नावाची बोट १९५९ च्या अखेरीपासून फेऱ्या मारायला लागली, आजही वयस्कर ग्रीक माणसाला त्या बोटीचं नाव घेतलंत तर तो खुर्ची ओढून बसेल. पोर्ट मेलबर्नच्या स्टेशन पिअरवर उतरायचं, रिचमंड, प्राहरान, नॉर्थकोटसारख्या शहरालगतच्या वस्त्यांत भाड्याने राहायचं, कारखान्यात पाळ्या करायच्या. पैसे साठले की लांब उपनगरात, अंगणवाल्या घरात जायचं. ओकली त्या दुसऱ्या टप्प्यातली. म्हणून तिथे पर्यटकांसाठी मांडलेलं फारसं काही नाही. चर्च आहे, सेंट्स अनार्गिरी. त्याला जोडलेली शाळा आहे. ओकली कॅनन्स हा फुटबॉल क्लब आहे, तोही ग्रीक लोकांनी १९७२ मध्ये सुरू केलेला. माणसं राहतात म्हणून खानावळी आहेत.

सुरमई

हे बाकी खरं. शहरातल्या लॉन्सडेल स्ट्रीटवर ग्रीक पाट्या आहेत, ग्रीक माणसं राहत नाहीत.

प्रोफेसर_उंदीरमामा

लॉन्सडेल स्ट्रीटला असं हिणवू नका. स्टॅलॅक्टाइट्स हे ग्रीक हॉटेल १९७८ पासून तिथे आहे. मध्यरात्री नाटक, सिनेमा, मॅच काहीही संपवून तिथे जाऊन सुवलाकी खाणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. शहरात काम असेल तर ओकलीपर्यंत कशाला यायचं?

आणि "अस्सल" या विषयावर माझाही एक दगड. ज्याला सगळे ग्रीक जेवणाचा राजा समजतात तो मुसाका, त्यावरचा पांढऱ्या सॉसचा जाड थर १९२० च्या दशकात निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाच्या शेफने रूढ केला. फ्रेंच पद्धतीचं शिक्षण, त्यामुळे बेशामेल. त्याच्या आधी वांगी आणि खिमा होताच, पण हा थर नव्हता. तेव्हा शंभर वर्षांपूर्वी आलेला फ्रेंच सॉस अस्सल आणि पिटातल्या चिप्स भेसळ, असं म्हणता येत नाही.

जुना_रहिवासी

प्रोफेसर, शहराबद्दल मान्य. पण लहान मूल आणि म्हातारी माणसं घेऊन लॉन्सडेल स्ट्रीटवर शनिवारी? मृण्मयीला तो सल्ला देऊ नका. ओकलीत मूल टेबलाभोवती पळत राहतं आणि कोणी डोळे वटारत नाही, उलट शेजारच्या टेबलावरची आजी त्याच्या हातात बिस्किट ठेवते.

प्रोफेसर_उंदीरमामा

बरं. मुसाका मागताना खिमा कशाचा ते विचारा. लॅम्बचा असतो, बीफचाही असतो, दोन्ही मिसळूनही असतो. साबुंचा प्रश्न आहे म्हणून. पास्तित्सियो, म्हणजे नळकांड्या पास्त्याचा थर, त्यातही बहुधा बीफ.

मृण्मयी_क्लेटन

बापरे, हे लक्षातच आलं नसतं. साबु मुसाका बघून लगेच हो म्हणाले असते. मग साबुंना काय?

सुरमई

साबुंना मासा. मी मघापासून तेच सांगतोय.

तात्या दक्षिणायन

किंवा चिकनची सुवलाकी, काडीवरची. फक्त पोर्कच्याच ग्रिलवर भाजलेली चालते का ते घरी विचारून ठेवा. नाहीतर मासा, आणि सुरमईसाहेबांचं समाधान.

चिकूपिस्ता

गोडाचं कोणी बोलतच नाहीये! मी फक्त गोडासाठी ओकलीला जाते.

मॉलमधलं व्हॅनिला सगळ्यांना माहीत आहे, केकचं भलंमोठं काचेचं कपाट, गर्दी, गोंगाट. बसून कॉफी प्यायची तर तिथे. डबा भरून घरी न्यायचं असेल तर निकोस. दोन्हीकडे आधी काचेसमोर उभं राहून ठरवा, मग रांगेत घुसा, नाहीतर मागचे लोक घाई करतात.

आता अंड्याचा हिशोब, कारण मृण्मयीच्या साबांसारख्याच माझ्या आई. बकलावा, कातैफी: अंडं नाही, पण तूप-लोणी आणि अक्रोड-बदाम भरपूर. लुकुमादेस: यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे, मध आणि दालचिनी, अंडं सहसा नाही. गरम गरम खायचे, घरी आणले की मऊ पडतात, नेऊ नका. मेलोमाकारोना: मधात बुडवलेली बिस्किटं, मूळची नाताळच्या उपासाची, म्हणून ना अंडं ना दूध. गालाक्तोबुरेको: फिलोच्या पापुद्र्यांत रव्याचं कस्टर्ड, वर पाक. सगळ्यांत सुंदर तेच आणि त्यातच अंडी. साबांसमोर खाऊ नका, त्यांना वाईट वाटेल. त्सुरेकी हा ईस्टरचा वेणीचा ब्रेड, त्यातही अंडं.

आणि रव्याचा हलवा मिळाला तर साबांसाठी नक्की घ्या. आपल्या शिऱ्याचा चुलतभाऊच तो, फक्त तुपाऐवजी तेल, दुधाऐवजी पाणी, आणि साच्यात थापून उलटा केलेला. प्रमाण ग्रीक बायकांना पाठ असतं: एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. साखर-पाण्याचा पाक दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून उकळायचा, रवा तेलात खरपूस भाजायचा आणि पाक त्यात ओतायचा. ओतताना लांब उभं राहा, जोरात उसळतं. तीन वाट्या साखर आपल्याला जास्त होते, मी दोनच घालते आणि काही बिघडत नाही.

बटाटेवडा

कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही, दूध नाही. चातुर्मासाचा प्रश्न सुटला की. साबांना हलवाच द्या पोटभर.

चिकूपिस्ता

अरे चेष्टा करतोस, पण मी आईला तेच केलं होतं. होर्ता, ब्रेड आणि हलवा. ती खूश.

रेल्वेफाटक

कॉफीबद्दल दोन ओळी. उन्हाळ्यात जाणार असाल तर फ्राप्पे घ्या, इन्स्टंट कॉफी बर्फाबरोबर फेसाळलेली. १९५७ मध्ये थेसालोनिकीच्या जत्रेत, म्हणजे व्यापारी प्रदर्शनात, गरम पाणी मिळेना म्हणून नेसकॅफेच्या एका कर्मचाऱ्याने थंड पाण्यात हलवून केली आणि ती देशभर पसरली. आता तरुण मंडळी फ्रेडो एस्प्रेसो पितात. गरम हवी असेल तर छोट्या कपातली ग्रीक कॉफी. साखर आधीच घालून उकळतात, म्हणून मागतानाच सांगावं लागतं: स्केतो बिनसाखरेची, मेत्रियो मध्यम, ग्लिको गोड. तळाचा गाळ पिऊ नका. आणि ती समोर आल्यावर "ओह, टर्किश कॉफी" असं म्हणू नका, १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसवर आक्रमण केलं, त्यानंतर हा विषय नाजूक आहे.

नाझनीन_के

गाडी कुठे लावता तुम्ही लोक? गेल्या वेळी आम्ही इतक्या चकरा मारल्या की भूकच मेली.

रेल्वेफाटक

ट्रेनने या. स्टेशनातून बाहेर पडलं की मॉल समोरच. गाडीच आणायची असेल तर शनिवारी सकाळी किंवा थेट तीननंतर. मधल्या वेळात वॉरिगल रोडपासूनच रांग. रविवारी मात्र निघण्याआधी ट्रेन सुरू आहे का बघा, कामं काढतात आणि त्याऐवजी बस देतात.

जुना_रहिवासी

मृण्मयी, साबा-साबु ईस्टरपर्यंत राहणार असतील तर एक सुचवतो. ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक वर्षी आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरहून वेगळ्या रविवारी येतो, कधी आठवड्याने, कधी चांगला महिनाभराने. त्याआधीच्या आठवड्यांत उपासाचे पदार्थ सगळीकडे भरपूर मिळतात, गार्गीची अख्खी यादी काचेमागे दिसेल. गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी सजवलेल्या एपिताफिओसची, म्हणजे ख्रिस्ताच्या प्रतीकात्मक तिरडीची, मिरवणूक चर्चमधून निघते. शनिवारी मध्यरात्री अंधारात एका ज्योतीवरून हजारो मेणबत्त्या पेटतात आणि मग सगळे जेवायला जातात. त्या रात्री शाकाहारी माणसाने मात्र हॉटेलात जाऊ नये, उपास सुटलेला असतो आणि सगळीकडे कोकरू.

सुरमई

मायिरित्सा! कोकराच्या काळजा-आतड्यांचं सूप, शेपू आणि लिंबू घालून. त्या रात्रीच करतात. मला बोलवा कोणीतरी.

गार्गी२२

साबांसमोर हा धागा उघडू नकोस गं मृण्मयी.

मृण्मयी_क्लेटन

नाही उघडत. नवऱ्याला मात्र पाठवलाय, तो सुरमईंचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतोय.

तर ठरलं ते असं. शनिवारी साडेबाराला ट्रेमधलं जेवण असलेलं ठिकाण, काचेमागे बघून. साबांना होर्ता, सागानाकी आणि कांद्याशिवाय सलाड. साबुंना स्नॅपर, नवऱ्याला क्लेफ्तिको. लेकाला चिप्स आणि थोडी काडीवरची सुवलाकी, चिकनची. मग चालत निकोसला, हलवा असेल तर हलवा, नसेल तर बकलावा. कॉफी व्हॅनिलात. यात काही राहिलंय का? आणि सहा जणांचं बुकिंग करावं लागेल का? नणंदही येते म्हणतेय.

तात्या दक्षिणायन

सहा जण असाल तर फोन करून ठेवा. फोनवरच सांगा की एक जण कांदा-लसूण-अंडं खात नाही. ऐनवेळी सांगितलं की वेटर गोंधळतो आणि सलाड आणून ठेवतो, जे तुम्हाला नकोय. कारण विचारलं तर "फास्टिंग" म्हणा. हा शब्द त्यांना लगेच कळतो, ॲलर्जीपेक्षाही लवकर.

आणि सगळं एकदम मागवू नका. ताटं मधोमध येतात, सगळ्यांनी त्यातून घ्यायचं असतं. साबांचं ताट वेगळं, टेबलाच्या एका टोकाला आणायला सांगा, म्हणजे ऑक्टोपसवाल्यांचा चमचा त्यात जाणार नाही.

सुरमई

मी कुठे येतोय?

तात्या दक्षिणायन

तुमच्यासारखी माणसं प्रत्येक घरात असतात.

गार्गी२२

ब्रेड दोनदा मागवावा लागेल, माशाच्या आणि क्लेफ्तिकोच्या ताटात तळाशी जो रस राहतो तो पुसून खायचा असतो. पण ब्रेडचे वेगळे पैसे लावतात का ते आधी विचारून घे. आणि नणंद काय खाते ते लिही, त्याप्रमाणे यादी वाढवते.